अंगणातला रातांबा : नऊ वर्षं वाट पाहायला लावणारं झाड

मागच्या वेळी आम्ही 'संशय' या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण गृहस्थ थांबले. मुंबईत नोकरी, आता कशेडीत वडिलोपार्जित जागेवर घर बांधलंय. त्यांचा प्रश्न संशयाबद्दल नव्हताच. ते म्हणाले, "सर, घरासमोर एक झाड लावायचंय. दिसायला सुंदर हवं, फळही यायला हवं. इथली हवा थंड आहे, तर सफरचंद लावू का? रोपवाटिकेत रोपं मिळतायत." आम्ही त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी या, याच्यावरच बोलू. ते आज आलेत, समोरच बसलेत. तेव्हा आजचा विषय झाड आहे. ज्यांना तत्त्वज्ञान ऐकायचं होतं त्यांनी उठून जाऊ नये, ते मध्ये मध्ये येईलच.

आधी सफरचंदाचा निकाल लावून टाकू. इथली हवा थंड आहे, हे खरं. पोलादपूरच्या बाजारात घामाघूम झालेला माणूस घाट चढून आला की त्याला बरं वाटतं. पण माणसाला बरं वाटणं ही एक थंडी आणि सफरचंदाला लागते ती दुसरी. सफरचंद हे पानगळीचं झाड. हिवाळ्यात ते पानं टाकून झोपतं, आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय त्याचे डोळे नीट उघडत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात. साधारण सात अंशांच्या खाली किती तास गेले, ते. काश्मीर-हिमाचलातल्या जुन्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. आपल्याकडे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तिथे साडेचार हजार फुटांवर वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवाचे हिमकण होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. पण तो एका पहाटेचा फोटो असतो. तासांची बेरीज त्याने होत नाही. मग महाबळेश्वरच्या कितीतरी खाली असलेल्या आपल्या कशेडीत ती कुठून होणार?

आता कमी थंडीवर येणाऱ्या जाती निघाल्यात. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी निवडलेली 'एचआरएमएन ९९' ही त्यातली प्रसिद्ध. महाराष्ट्रातही काहींनी ती लावून पाहिली आहे. कोणाला हौस असेल तर त्यांनी जरूर लावावी, हौसेला आमची ना नाही. पण इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं राहणं त्या झाडाच्या रक्तात नाही. पाहुणा म्हणून ठेवाल, पण घरचा होणं कठीण.

आमचं उत्तर आहे रातांबा. कोकम म्हणा, भिरंड म्हणा. आपल्या डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याला कोणी शोभेचं झाड म्हणत नाही. आमसूल डब्यात असतं, झाड गडग्यापलीकडे असतं, आणि बघण्यासाठी आपण लोखंडी कुंपणाच्या आत ख्रिसमस ट्री आणून लावतो. अहो, आकार बघायचा तर रातांब्याचा बघा. मोकळ्या जागेत वाढलेला रातांबा खालून रुंद आणि वर निमुळता होत जातो, देवळाच्या शिखरासारखा. फांद्या आडव्या निघून टोकाकडे खाली झुकतात. पानं गडद हिरवी, तुकतुकीत, बारा महिने. नवी पालवी आली की टोकं तांबूस दिसतात. आणि एप्रिल-मेमध्ये त्या हिरव्या अंधारात लाल, मग गडद जांभळट लाल फळं. दहा-पंधरा मीटर जातो, पण सावकाश. घाईच्या माणसाचं हे झाड नव्हे.

नावाबद्दल थोडं बोलू, आम्हाला सवय आहे. रातांबा म्हणजे रक्त-आम्र, लाल आंबा, असं सांगतात. संस्कृतात वृक्षाम्ल. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. हे 'गार्सिनिया' गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्यावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं, आम्हालाही कितीतरी वर्षं वाटत होतं आणि आम्ही ते वर्गात सांगितलंही आहे. ते चूक आहे. ते नाव लॉराँ गार्सँ नावाच्या अठराव्या शतकातल्या निसर्ग-अभ्यासकावरून आलंय. ऑर्टाचा संबंध वेगळा आहे. त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, आणि त्यात या आंबट लाल फळाचा उल्लेख 'ब्रिंदाँव' म्हणून येतो. म्हणजे आपलं भिरंडच, पोर्तुगीज जिभेवरून गेलेलं. चूक दुरुस्त करायला आम्हाला निवृत्ती उजाडावी लागली. असो.

आता मुद्द्याचं. कोणी तुम्हाला सांगेल, रातांबा लावणं सोपं आहे, बी टाका, उगवतो. उगवतो, हे खरं. पण पुढे काय होतं, ते आमच्याच घरचं सांगतो.

१९८८ साली आम्ही इथलं घर दुरुस्त केलं, मातीच्या भिंती काढून जांभ्याच्या चिऱ्याच्या घातल्या. त्या पावसाळ्यात आईने खळ्याच्या कडेला एक रातांब्याचं रोप लावलं. बी शेजारच्यांच्या झाडाची. ते झाड असं लगडायचं की फांद्या जमिनीला टेकायच्या. आई म्हणाली, हिचंच बी घेऊ. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकवत होतो, सुटीत यायचो. दरवर्षी रोप थोडं वर गेलेलं दिसायचं. आईने उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी त्याला घातलं, नारळाच्या झापांची सावली केली, गुरांपासून काट्याकुट्यांचं कुंपण केलं. सातवं वर्ष गेलं, आठवं गेलं. १९९७ च्या डिसेंबरात पहिल्यांदा कळ्या दिसल्या. आईने पत्र पाठवलं, रातांबा फुलला. आम्ही जानेवारीत आलो. झाडाखाली पिवळट-गुलाबी फुलांचा सडा. मे महिना आला, फळ एक नाही. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी गावातल्या एका जाणत्या माणसाने फूल हातात घेऊन पाहिलं आणि आईला सांगितलं, "काकी, हा नर आहे."

रातांब्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पपईत असतं तसंच, पण पपई वर्षाच्या आत सांगून टाकते, चूक असेल तर उपटून दुसरी लावता येते. रातांबा सात-आठ वर्षं तोंड उघडत नाही. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. आणि मादी झाडाचं बी घेतलं म्हणजे मादी झाडच होईल, हा तर निव्वळ भ्रम. बी नेहमी मादी झाडाचंच असतं, दुसऱ्या कुणाचं असणार? आईची निवड उत्तम होती, पण त्या निवडीने हा प्रश्न सुटतच नव्हता.

झाडांत नर-मादी असतात हे माणसाला कधी कळलं? खजुराच्या बाबतीत फार पूर्वीपासून. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने लिहून ठेवलंय की नर खजुराचा तुरा मादीवर झटकतात, म्हणजे फळ टिकतं. पण सर्वच फुलांमागे ही व्यवस्था आहे, हे प्रयोगाने दाखवायला १६९४ साल उजाडलं. ट्यूबिंगेनच्या कामेरारियसने तुती, एरंडी, पालकासारख्या झाडांवर प्रयोग केले. त्याच्या लक्षात आलं होतं की जवळ नर नसलेल्या तुतीच्या मादी झाडाला फळ येतं खरं, पण आतलं बी पोकळ. म्हणजे दोन हजार वर्षं शेतकऱ्यांना जे एका झाडाबद्दल ठाऊक होतं, ते विद्वानांना सगळ्या झाडांबद्दल मान्य करायला तेवढा वेळ लागला. आमच्या व्यवसायाबद्दल याहून जास्त बोलत नाही.

तर रोप लहान असताना ओळखता येतं का? गावात प्रत्येकाकडे एक खूण आहे. कोणी म्हणतं नराची पानं लांबट, कोणी म्हणतं मादीच्या फांद्या जास्त झुकलेल्या, कोणी म्हणतं बी आडवं पेरलं की मादी. न्यायशास्त्रात याला लिंग म्हणतात. गंमत बघा, 'लिंग' म्हणजे खूण. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायचं, तर धूर हे लिंग. पण त्यासाठी धूर आणि अग्नी यांचं नातं अतूट असावं लागतं, व्याप्ती असावी लागते. धूर आहे आणि अग्नी नाही असं एक उदाहरण सापडलं की अनुमान कोसळलं. आम्ही निवृत्तीनंतर मागच्या उतारावर बारा रोपं लावली. गावातल्या चार वडीलधाऱ्यांना आणून प्रत्येक रोपाबद्दल त्यांचं मत वहीत लिहून घेतलं. झाडं फुलल्यावर वही उघडली. सगळ्यात चांगल्या जाणकाराचे बारापैकी सात बरोबर. नाणं उडवलं असतं तरी सहा आलेच असते. त्या गृहस्थांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, तुमची वही चुकली असेल."

फुलावरून मात्र नक्की कळतं. नराची फुलं झुबक्याने येतात, एकेका ठिकाणी चार-सहा-आठ, आणि फुलाच्या मध्ये पुंकेसरांचा दाट गोळा. मादीचं फूल एकटं किंवा एक-दोनच्या सोबतीने, आणि मधोमध हिरवी गोल गाठ. ती गाठ म्हणजेच पुढचं फळ. कळी जरा मोठी झाली की नखाने उकलून बघा. काही झाडांवर दोन्ही प्रकारची, किंवा उभयलिंगी फुलंही सापडतात. झाडाने आमच्या दोन खणांच्या कपाटात बसलंच पाहिजे असा काही नियम नाही.

बरं, हिशेब करू या. एकच रोप लावलंत तर फळ मिळण्याची शक्यता निम्मी. दोन लावलीत तर दोन्ही नर निघण्याची शक्यता पाव, तीन लावलीत तर एक-अष्टमांश, चार लावलीत तर एक-षोडशांश. चारांत निदान एक नर आणि निदान एक मादी, अशी जोडी मिळण्याची शक्यता आठात सात. जुनी माणसं गडग्याच्या कडेने रातांब्याची रांग लावायची, ती का, ते यावरून समजतं. त्यांनी अपूर्णांक मांडला नसेल, पण रांग लावली. अंगणात एकच झाड लावायची चैन ही आपली, हल्लीची.

ज्याला एकच झाड लावायचंय त्याने कलम घ्यावं. मादी झाडाची काडी रोपावर बांधली की वरचं झाड मादीच. कलमाला फळ चौथ्या-पाचव्या वर्षी धरायला लागतं, वाट निम्म्यावर येते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' अशा दोन जाती दिल्या आहेत. हातीसचं फळ खूपच मोठं, नेहमीच्या रातांब्याच्या दुप्पट-तिप्पट, पण ते झाड शुद्ध मादी, तेव्हा आसपास नर लागतोच. बागेत दहा मादींमागे एक नर ठेवा असं सांगतात. गावात रानातली झाडं असतात म्हणून अंगणातल्या एकट्या मादीचं बहुधा भागतं. पण ज्या वाडीत सगळ्यांनी 'फुकट जागा खातो' म्हणून नर तोडले, तिथे नंतर काय झालं ते आम्ही पाहिलंय. फळं कमी होत गेली आणि दोष मोबाईलच्या मनोऱ्यावर गेला.

कलम घेताना एक फसगत होते, ती सांगायलाच हवी, कारण तिच्यात आमचे पैसे गेले. एका रोपवाटिकेतून, नाव कशाला, आम्ही दोन कलमं आणली. जगली, वाढली, फळंही धरली. पण झाड उंच जाईना. आडवं पसरलं, वेलीसारखं जमिनीवर लोळायला लागलं. शिखर वगैरे काही नाही. आम्हाला वाटलं, खत कमी पडलं. मग कळलं की काडी चुकीची होती. रातांब्यात दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक शेंड्याची, उभी वाढणारी. दुसरी बाजूची, आडवी वाढणारी. उभ्या फांदीची काडी कलमाला घेतली तर झाड उभं, निमुळतं होतं. आडव्या फांदीची घेतली तर ते आयुष्यभर आडवंच वाढत राहतं. दोन्ही काड्या एकाच झाडाच्या, दोघींच्या पेशींत तेच बीज, तीच जात, तरी एक म्हणते मी खोड आहे आणि दुसरी म्हणते मी फांदी आहे. खोडापासून तोडून दुसऱ्या मुळांवर बसवलं तरी तिला आपली जुनी जागा विसरता येत नाही. आम्ही चाळीस वर्षं 'स्वभाव' आणि 'संस्कार' यांतला फरक शिकवला, पण इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला तेव्हा मिळालं नव्हतं.

म्हणून अंगणासाठी कलम घेताना पहिला प्रश्न विचारा : काडी उभ्या फुटीची होती का? कलमाकडे नीट बघा, मधला शेंडा सरळ वर चाललाय आणि त्याला चारी बाजूंनी फांद्या फुटल्यात, असं असेल तर घ्या. नुसती एका बाजूला झुकलेली, चपट्या पंख्यासारखी फूट असेल तर ठेवून द्या. ज्याला उंचावर चढून फळं काढायची नाहीत त्याला ते लोळणारं झाड सोयीचंही वाटेल. पण शोभा हवी असेल तर नको.

आता आईच्या झाडाकडे परत जाऊ. तो नर निघाला, तेव्हा घरात दोन पक्ष झाले. आमचे धाकटे बंधू म्हणाले, तोडा आणि कलम लावा. आई म्हणाली, "बारा वर्षं पाणी घातलंय, फळ देत नाही म्हणून तोडायचं? मग माझ्याकडूनही आता कसली फळं येतायत?" यावर कोण काय बोलणार? आम्ही कर्तव्याच्या सिद्धांतांवर पुष्कळ पानं लिहिलीत, त्यांतलं एक वाक्य त्या वेळी उपयोगी पडलं नाही. दोन-तीन वर्षं तसेच गेलो. मग कृषी खात्याच्या एका मेळाव्यात कळलं की नर झाडावर मादीचं कलम करता येतं, झाड तोडायला लागत नाही. म्हणजे तोडायला लागतं, पण मारायला लागत नाही.

२००३ च्या सुमारास ते केलं. झाडाचा वरचा भाग छातीच्या उंचीवर कापला. पण खालची एक जोमदार फांदी तशीच राखली. तिने झाडाला श्वास राहतो, आणि नराचे परागही घरच्या घरी मिळतात. कापलेल्या जागी शेणमातीचा लेप दिला. पावसाळ्यात त्या खोडातून उभे कोंब फुटले, त्यांतले अकरा निवडून बाकीचे खुडले. कोंब शिसपेन्सिलीएवढे झाल्यावर, अजून कोवळे असतानाच, शेजारच्या त्याच लगडणाऱ्या झाडाच्या उभ्या फुटीच्या काड्या आणल्या. कोंबाएवढ्याच जाडीच्या. काडीची पानं आधीच खुडली, देठाचे बुडखे ठेवून. काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली, कोंबाला मधोमध चीर दिली, पाचर तिच्यात बसवली, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळलं आणि वरून प्लास्टिकची लहान पिशवी टोपीसारखी घातली, आत दमटपणा राहावा म्हणून. हवा कोरडी असताना हे जमत नाही, काडी सुकून जाते. अकरांपैकी चार जगली. आईला वाईट वाटलं, आम्हाला वाटलं चार पुष्कळ झाली. २००८ च्या मे महिन्यात पहिली फळं आली. आईने मोजली, तेवीस. तिने त्यांची सोलं केली नाहीत, तशीच मिठाबरोबर वाटून टाकली घरोघर.

आता लागवडीचं सांगू, समोरचे गृहस्थ वही काढून बसलेत. बी लावणार असाल तर ते ताजंच लावा. गर धुऊन काढा, सावलीत एक-दोन दिवस ठेवा आणि पेरा. रातांब्याचं बी भातासारखं कणगीत ठेवता येत नाही, वाळलं की मेलं. कलमासाठी खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल, मे महिन्यातच खणून ठेवावा. उन्हाने तापू द्यावा. मग चांगली माती, दोन टोपल्या कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा. मिरगाचा पाऊस स्थिरावला की लावावं. घरापासून सहा मीटर तरी लांब, कारण झाड खालून रुंद होतं आणि फळं पडून लादी अशी रंगते की ती कशानेच निघत नाही. आमच्या एका भाच्याने पांढऱ्या लाद्यांच्या कडेला रातांबा लावलाय. दर मेमध्ये तो फोन करून शिव्या घालतो, झाडाला की आम्हाला ते त्याने कधी स्पष्ट केलं नाही.

इथल्या पावसात सगळ्यात मोठी काळजी पाण्याची, म्हणजे साचलेल्या पाण्याची. रातांबा पावसाला भीत नाही, तो सह्याद्रीच्या रानातलाच आहे, पण मुळाशी डबकं त्याला चालत नाही. बुंध्याला मातीचा उंचवटा करा, उताराच्या बाजूने पाण्याला वाट काढून द्या. आळं करायचं ते ऑक्टोबरनंतर. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात सावली आणि आठवड्यातून एक-दोनदा पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर. तिसऱ्या वर्षानंतर त्याचं तो बघतो. कलमाच्या सांध्याखालून फूट आली की लगेच खुडा. ती खुंटाची असते, आणि खुंट नर की मादी कोणाला माहीत! सांध्यावरचं मरून खालचं वाढलं आणि मालक दहा वर्षं 'कलम' म्हणून जपत बसला, असंही घडतं.

आणि थंडीचा प्रश्न, ज्याच्यापासून आपण सुरुवात केली, तो आता येतो, पण उलट्या बाजूने. सफरचंदाला इथली थंडी पुरत नाही. रातांब्याला ती किंचित जास्त होते. झाडाला नव्हे, फळाला. फुलं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. खाली किनाऱ्याकडे एप्रिलमध्ये फळ पिकायला लागतं. घाटाच्या अंगाला, जिथे रात्री गार असतात आणि डोंगराच्या आड सकाळचं ऊन उशिरा पोचतं, तिथे तेच फळ मेच्या मध्यावर, कधी शेवटी पिकतं. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी. मध्ये राहतात पंधरा-वीस दिवस. आमसुलाला तेवढेच दिवस लागतात, आणि ते कडक उन्हाचे लागतात. फळ फोडून बी आणि गर वेगळा काढायचा, गराच्या रसात मीठ घालायचं, सालं त्या रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, परत रसात, परत उन्हात. असं पाच-सात वेळा केलं की ते काळंभोर, लवचिक सोल तयार होतं. मध्ये एक वळीव आला तर बुरशी. आईचं अर्धं आयुष्य या शर्यतीत गेलं. आभाळ भरून आलं की सगळं घर सुपं आणि चादरी घेऊन खळ्यात धावायचं. झाडावर जे राहील ते जूनमध्ये खाली पडून कुजायचं, त्या आंबट वासावर चिलटं आणि वानरांची टोळी.

म्हणून कशेडीसारख्या ठिकाणी 'मोठं फळ कुठल्या झाडाचं' हे दुसरं विचारावं, 'लवकर कुठलं पिकतं' हे पहिलं विचारावं. प्रत्येक वाडीत एखादं झाड असतंच, जे इतरांच्या आधी पंधरवडाभर लाल होतं. वानरांना ते आधी माहीत असतं. त्या झाडाची उभी काडी मिळवा. आणि झाड घराच्या उत्तरेच्या सावलीत न लावता दक्षिण-पश्चिमेला मोकळ्या उन्हात लावा. ज्यांचं फळ उशिराचंच आहे त्यांनी सोलांच्या मागे न लागता आगळ करावं, म्हणजे मीठ घातलेला रस, किंवा सालांत साखर भरून सरबताचा अर्क करावा. त्याला ऊन कमी लागतं. बिया टाकू नयेत. त्यांचं तेल निघतं, ते थिजून पांढऱ्या वडीसारखं होतं, त्याला आपण मुटेल म्हणतो. थंडीत टाचा फुटल्या की आजीच्या डब्यातलं तेच.

'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' याला भौगोलिक मानांकन मिळालंय. नावात आपला रायगड नाही. घाटाच्या पलीकडे उतरलं की मानांकन, अलीकडे नुसतंच कोकम. झाडाला ही हद्द कोणी दाखवलेली नाही. पण तक्रार करण्याआधी आपण आपल्याकडची झाडं मोजली आहेत का, लवकर पिकणारी नोंदवली आहेत का, हे विचारायला हवं. बोगदा झाल्यावर गाड्या परस्पर जातात, घाटातल्या टपऱ्यांवर सरबताच्या बाटल्या घ्यायला आता कमी लोक थांबतात, हेही खरंच.

थोडे प्रश्न आलेत, ते घेतो.

एका ताईंनी विचारलंय, दरडींचं काय, रातांबा लावला तर डोंगर धरून ठेवेल का? २००५ चा जुलै आपण पाहिला, २०२१ च्या जुलैत तळिये गावचं जे झालं आणि आपल्या पोलादपूर तालुक्यातही जे झालं, ते इथल्या कोणाला सांगायला नको. तेव्हा खोटा धीर देणार नाही. रातांब्याचं मूळ खोल जातं, रानातल्या उतारावर तो इतर झाडांबरोबर चांगला उभा असतो. पण उतार कापून, पाण्याच्या वाटा बुजवून, वर चार झाडं लावली म्हणून डोंगर थांबत नाही. घरामागे भेग दिसली तर झाड लावत बसू नका, तलाठ्याला कळवा आणि बाहेर पडा.

दुसरा प्रश्न आपल्या या गृहस्थांचा : सर, नर निघाला तर तोडायचा की ठेवायचा? जागा असेल तर ठेवा. जागा नसेल तर कलम करा, एक फांदी त्याची त्याला राहू द्या. आमच्या खळ्यातल्या झाडावर आज वर मादी आणि खाली नर, असं दोन्ही नांदतंय. डिसेंबरात या, फूल उकलून दाखवतो. काड्या हव्या असतील तर उभ्या फुटी यंदा सहा-सात आहेत. पण पाऊस लागल्यावर या आणि चाकू धार लावून आणा, आमच्या चाकूची धार गेली आहे.